नवाहो मुलखातलं पाणी गेलं कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतल्या मोन्युमेंट व्हॅली आणि अँटिलोप कॅन्यनवरचा सचित्र लेख वाचला. फोटो फार देखणे होते. कुठल्या महिन्यात जावं, कुठं उतरावं, गाइडला टिप किती द्यावी, सगळं लेखात होतं. त्या मुलखात माणसं राहतात आणि त्यांना पाणी कुठून आणावं लागतं, याबद्दल मात्र एक ओळही नव्हती. माझी सगळी नोकरी राज्याच्या भूजल खात्यात झाली. आटपाडी, जत, सांगोला, माण या पट्ट्यात विहिरींची पातळी मोजत हिंडलो. आता वर्षातले काही महिने मुलीकडे, ॲरिझोनातल्या चँडलरला मुक्काम असतो, आणि जमेल तेव्हा आम्ही गाडी काढून उत्तरेला नवाहो मुलखात, म्हणजे ही दोन्ही ठिकाणं ज्या मूळ रहिवासी जमातीच्या जमिनीवर आहेत तिथे, जातो. तिथलं जे पाणी मी पाहिलं ते आपल्या वाचकांपुढे यावं म्हणून हे पत्र. पत्र लांबलं आहे, पण विषयच तेवढा आहे.

हा मुलूख लहान नाही. ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत पसरलेली सुमारे 70 हजार चौरस किलोमीटर जमीन, म्हणजे अख्ख्या मराठवाड्याहून मोठी. तिचं स्वतःचं सरकार आहे, राजधानी विंडो रॉक. तिथले लोक स्वतःला दिने म्हणवतात. वाळवंट म्हटलं की आपल्याला राजस्थानची सपाट वाळू आठवते. हे वाळवंट उंचावरचं आहे. केयेंटा हे गाव आपल्या कळसूबाईच्या माथ्याहून उंच आहे, विंडो रॉक तर दोन हजार मीटरच्याही वर. त्यामुळे जानेवारीत तिथे बर्फ पडतो आणि जूनमध्ये अंगाची लाही होते. केयेंटाच्या आसपास वर्षाला पाऊस-बर्फ मिळून जेमतेम दोनशे मिलिमीटर. ज्या माणदेशाला आपण दुष्काळी म्हणतो तिथेही याच्या दुपटीहून जास्त पडतो. पूर्वेकडच्या चुस्का डोंगरावर पाइनचं रान आहे, तिथे थोडं बरं. बाकी सगळीकडे खुरटे जुनिपर, पिन्यॉन, सेजब्रशची राखाडी झुडपं, आणि जिथे ओढ्याच्या पोटात ओल आहे तिथे कॉटनवुडची हिरवी रांग. आपल्याकडचे पाणाडी उंबर बघून जागा सांगतात. इथे दुरून कॉटनवुड दिसलं की समजावं, वाळू खणली तर ओल लागेल.

नद्या तीन, आणि तिन्ही कडेनं जाणाऱ्या. उत्तरेला सॅन वान, पश्चिमेला कोलोरॅडो, नैर्ऋत्येला लिटल कोलोरॅडो. शेवटची वर्षातला बराच काळ कोरडी असते. बर्फ वितळला किंवा उन्हाळी पाऊस झाला की तिच्या ग्रँड फॉल्सवरून पन्नासेक मीटर खाली तपकिरी गाळाचा धबधबा कोसळतो. आतल्या भागात आहेत ते कोरडे ओढे, तिकडे त्यांना वॉश म्हणतात. जुलै ते सप्टेंबर दुपारी ढग चढतात, त्या पावसाला तेही मान्सूनच म्हणतात. अर्ध्या तासात सर येऊन जाते, वॉश गढूळ पाण्यानं धावतो आणि बघता बघता पुन्हा वाळू. हे पाणी जमिनीत फारसं मुरत नाही. मुरतं ते हिवाळ्यातल्या बर्फाचं, हळूहळू वितळणारं.

आपल्या लेखातल्या अँटिलोप कॅन्यनच्या त्या गुळगुळीत भिंती याच धावत्या पाण्यानं कोरलेल्या आहेत. 12 ऑगस्ट 1997 रोजी त्या घळीत अकरा पर्यटक वाहून गेले. घळीवर तेव्हा मोठा पाऊस नव्हता, सर पडली होती कित्येक मैल वरच्या अंगाला. आज तिथे दिने गाइडशिवाय आत सोडत नाहीत, आणि आपले काही पर्यटक त्यावर कुरकुर करतात असं ऐकतो. कृपया करू नये. गाइड आभाळाच्या ज्या कोपऱ्याकडे बघत असतो तो आपल्याला कळत नाही.

आता दगडाकडे येतो, कारण पाण्याची खरी गोष्ट तिथे आहे. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी दगडात नसतं, भेगांत असतं. वर मुरूम, खाली मांजऱ्या, मग कठीण कातळ. विहिरीला जे लागतं ते मुरमातलं आणि सांध्यांतलं. चांगला पावसाळा झाला की ती भरते, होळीनंतर तळ दाखवते, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा भरते. हिशोब वर्षाचा. नवाहो वालुकाश्माचं तसं नाही. सुमारे 19 कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्या घट्ट होऊन हा दगड झाला. रस्त्याकडेच्या कापात त्या टेकड्यांचे तिरपे थर अजून हातानं चाचपता येतात. या दगडात पाणी कणाकणांमधल्या पोकळीत असतं, आणि साठा प्रचंड असतो. पण तो भरतो अतिशय सावकाश. शोंटो गावाच्या आसपास हा दगड उघडा पडला आहे, तिथे मुरलेलं पाणी ब्लॅक मेसा नावाच्या मोठ्या पठाराखाली सरकत जातं. पठाराखालचं पाणी हजारो वर्षांपूर्वीचं, हिमयुगातलं आहे. ते उपसलं तर पुढच्या जूनमध्ये परत येत नाही.

(जाता जाता: शिपरॉक हा सुळका ज्वालामुखीच्या नळीतला गोठलेला दगड आहे आणि त्याच्यापासून निघालेल्या डाइकच्या (भेगेत घुसून गोठलेल्या तप्त रसाच्या) भिंती मैदानातून सरळ धावताना दिसतात. धुळे-नंदुरबारकडे डाइकच्या अंगानं विहिरींच्या जागा शोधलेल्या माझ्यासारख्याला तो देखावा सोडवत नाही.)

नवाहो वालुकाश्माच्या खाली केयेंटा नावाचा, पाणी सहज न सोडणारा थर आहे. वरून झिरपत आलेलं पाणी तिथे अडतं आणि कड्याच्या तोंडाशी बाहेर येतं. वर्षानुवर्षं पाझरून तिथला दगड सुटतो, पडतो आणि कड्यात मोठी कमान तयार होते. बेटाटाकिन या जुन्या वस्तीच्या जागी पलीकडच्या कड्यावरून अशी कमान समोर दिसते. तिच्या पोटात तेराव्या शतकातली दगडमातीची घरं उभी आहेत, आणि खालच्या घळीत, इतक्या रुक्ष मुलखात, ॲस्पेन आणि फरची झाडं आहेत. मी दुर्बिणीतून घरांपेक्षा त्यांच्यामागची भिंतच जास्त पाहिली. काळपट ओली रेघ आडवी गेलेली, तिच्या खाली हिरवी बुरशी, मध्येच नेच्यांचा झुपका. ती रेघ बघून त्या माणसांनी घर बांधायची जागा ठरवली, हे कुणी सांगावं लागत नाही. कॅन्यन डी शेमध्येही तेच, तळाच्या ओल्या वाळूवर दिने कुटुंबं आजही मका लावतात. या मुलखात मक्याचं बी वीतभर खोल, ओल लागेल तिथे पेरायची रीत जुनी आहे. अशी माती आणि अशी ओल ओळखणाऱ्या लोकांना पाण्याचं व्यवस्थापन शिकवायची गरज कुणाला वाटावी, हे मला समजत नाही.

आणि तरीही या मुलखातल्या सुमारे तीस टक्के घरांत आजही नळ नाही. ही अमेरिका आहे, 2020 नंतरची.

शोंटोच्या बाजूला एका चॅप्टर हाऊसजवळ (चॅप्टर म्हणजे त्यांची ग्रामपंचायत म्हणा, अशा 110 आहेत) पाणी भरायची जागा आहे. एक उभा लोखंडी पाइप, वर बाक, त्याला जाड रबरी नळी. आम्ही थांबलो तेव्हा पन्नाशीतला एक माणूस पिकअपच्या हौद्यात पांढरी चौकोनी टाकी भरत होता, आपल्याकडे एमआयडीसीतून जुन्या विकत मिळतात तसली, 275 गॅलनची, म्हणजे हजारभर लिटरची. नळीत आधीचं तापलेलं पाणी होतं ते त्यानं बादलीत सोडलं आणि बादली बाजूला ठेवली. मग टाकीत नळी घातली. पाणी चढू लागलं तशी गाडी मागून बसत गेली. तीन चतुर्थांश झाल्यावर त्यानं बंद केलं. पूर्ण का नाही भरत, मुलीनं विचारलं. म्हणाला, पुढे कच्चा रस्ता आहे, मागच्या वर्षी पाटे तुटले. आई म्हातारी आहे, तिच्या मेंढ्या आहेत, निम्मं पाणी मेंढ्यांना. बर्फ वितळला की चिखलात गाडी आत जात नाही म्हणून हिवाळ्याअखेर जास्तीचं साठवून ठेवावं लागतं. बोलता बोलता त्यानं बादलीतल्या पाण्यानं हात धुतले आणि उरलेलं कुत्र्यापुढे ठेवलं. टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्या आपल्या कुणालाही यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही. फरक इतकाच की आपल्याकडे टँकर गावात येतो, टंचाई जाहीर होते, तहसीलदाराला निदान जाब विचारता येतो. त्या माणसाचा टँकर त्याचा स्वतःचा, डिझेल त्याचं, आणि टंचाई बारमाही.

अशा घरांत माणशी दिवसाला सुमारे सात गॅलन पाणी वापरलं जातं, म्हणजे पंचवीस-सव्वीस लिटर. आपल्या जलजीवन मिशनचं ग्रामीण भागासाठीचं उद्दिष्ट माणशी 55 लिटरचं आहे. 2020 च्या मे महिन्यात लोकसंख्येच्या प्रमाणात कोविडचे सर्वाधिक रुग्ण अमेरिकेत कुठे होते, तर याच मुलखात. हात धुवा, असं सगळं जग सांगत होतं.

मग साठा असून पाणी गेलं कुठे? ब्लॅक मेसावर कोळसा आहे. 1970 पासून तिथला कोळसा दळून, त्यात निम्म्याला निम्मं पाणी मिसळून, त्याची लापशी 273 मैल लांब नळातून नेवाडातल्या मोहावी वीज केंद्राकडे ढकलली जात होती. पाणी कुठलं, तर ते वालुकाश्मातलं, हिमयुगातलं, पिण्याच्या प्रतीचं. दरवर्षी शंभर कोटी गॅलनहून जास्त, पस्तीस वर्षं. हॉपी (ही शेजारची दुसरी मूळ जमात) आणि दिने म्हातारी माणसं झरे आटल्याचं सांगत राहिली, कंपनी ते मान्य करत नव्हती. 2005 च्या अखेरीस केंद्र बंद पडलं तेव्हा लापशीसाठीचा उपसा थांबला. मी आयुष्यभर उपशाचे अर्ज वाचले आहेत. कोळसा वाहून नेण्यासाठी असं पाणी वापरायची परवानगी कुठल्याही भूवैज्ञानिकानं शुद्धीत असताना दिली नसती.

दुसरी गोष्ट माझ्या मुलीच्या घरापर्यंत येते. पेज गावाजवळ, नवाहो जमिनीवर, नवाहो आणि हॉपी कोळशावर चालणारं मोठं वीज केंद्र होतं, नवाहो जनरेटिंग स्टेशन. त्याच्या विजेचा एक मोठा वाटा सेंट्रल ॲरिझोना प्रोजेक्टच्या पंपांना जायचा. हा कालवा कोलोरॅडोचं पाणी 336 मैल वाहून फिनिक्स आणि टूसॉनला आणतो, वाटेत ते जवळजवळ तीन हजार फूट वर उचलावं लागतं. 2019 च्या नोव्हेंबरात केंद्र बंद झालं, कालवा दुसऱ्या विजेवर चालूच आहे. चँडलरच्या नळाला सॉल्ट आणि व्हर्दी नद्यांचं पाणी येतं, विहिरींचं येतं आणि कोलोरॅडोचंही येतं. चँडलरला चिपच्या कारखान्यांमुळे मराठी कुटुंबं खूप आहेत. घरामागे पोहण्याचे तलाव आहेत, हिरवळ आहे, गणपतीही धुमधडाक्यात होतो. हे पाणी उचलायला ज्यांच्या जमिनीतला कोळसा जळला, धूर ज्यांच्या आभाळात गेला, त्यांच्यातल्या कित्येकांच्या घरावरून विजेची तार गेली आणि घरात दिवा नव्हता. हे इथल्या किती जणांना ठाऊक आहे?

युरेनियमबद्दल थोडक्यात लिहितो, तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे. 1944 ते 1986 या काळात या जमिनीतून जवळपास तीन कोटी टन युरेनियमचं खनिज निघालं, बॉम्बसाठी आणि अणुभट्ट्यांसाठी. पाचशेहून जास्त खाणी उघड्या टाकून दिल्या गेल्या. 16 जुलै 1979 रोजी न्यू मेक्सिकोतल्या चर्च रॉकला खाणकचऱ्याच्या तळ्याचा बांध फुटला आणि नऊ कोटी चाळीस लाख गॅलन आम्लयुक्त, किरणोत्सारी पाणी प्वेर्को नदीत गेलं. त्याच वर्षी मार्चमध्ये झालेल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राच्या अपघाताचं नाव सगळ्यांना माहीत आहे, चर्च रॉकचं कुणाला नाही. 2005 मध्ये नवाहो सरकारनं युरेनियमच्या खाणींवर बंदी घातली. पण आजही पवनचक्कीनं पाणी उपसणाऱ्या कितीतरी विहिरींत युरेनियम आणि आर्सेनिक सापडतं. ते पाणी जनावरांसाठी आहे, माणसांनी पिऊ नये, असं सांगितलेलं असतं. पण जवळचा नळ वीस-तीस मैलांवर असेल तर लोक काय करतील?

हक्काचा प्रश्नही मांडायला हवा, कारण इथे भेटणारा प्रत्येक दुसरा माणूस म्हणतो की वाळवंटात राहिलं की असंच होणार. 1864 मध्ये अमेरिकी सैन्यानं कॅन्यन डी शेमधल्या पीचच्या बागा तोडल्या, मका जाळला आणि हजारो दिने माणसांना चालवत न्यू मेक्सिकोतल्या बॉस्क रेडोंडोला नेलं. तिथल्या पेकोस नदीच्या खारट पाण्यानं माणसं आजारी पडली, मेली. 1 जून 1868 च्या तहानं त्यांना आपल्या जमिनीवर परतता आलं. या जमिनीवर कायमचं घर करा, शेती करा, असं तो तह सांगतो. पुढे 1908 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं विंटर्स खटल्यात सांगितलं की राखीव जमीन दिली म्हणजे तिला लागणारं पाणीही दिलं. 1922 मध्ये सात राज्यांनी कोलोरॅडोचं पाणी वाटून घेतलं तेव्हा मूळ रहिवाशांपैकी कुणालाही बैठकीला बोलावलं नाही. एका वाक्यात त्यांचा उल्लेख करून विषय संपवला. 22 जून 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला की त्या तहामुळे सरकारवर नवाहोंना पाणी मिळवून देण्यासाठी पावलं उचलण्याचं बंधन येत नाही. विरोधी निकालपत्र न्यायमूर्ती गोरसच यांनी लिहिलं. हे लोक पिढ्यान् पिढ्या रांगेत उभे आहेत आणि दर वेळी त्यांना सांगितलं जातं की तुमची रांग चुकली, असा त्यांचा रोख आहे. मागणी तरी काय होती? निदान आमचा वाटा किती ते मोजा आणि तो कसा मिळेल त्याची योजना करा. कृष्णा लवादाची कागदपत्रं ज्यानं चाळली आहेत त्याला ही मागणी किती माफक आहे ते कळेल.

काहीच होत नाही असंही नाही. सॅन वानचं पाणी न्यू मेक्सिकोतल्या गॅलप गावापर्यंत आणि वाटेतल्या दिने वस्त्यांना देणारी सुमारे तीनशे मैलांची नळयोजना 2009 मध्ये मंजूर झाली, तिचा काही भाग सुरूही झाला आहे. दूरच्या एकेकट्या घरांसाठी जमिनीत 1,200 गॅलनची टाकी पुरून, पंप आणि सिंक बसवून देण्याचं काम एक स्वयंसेवी प्रकल्प करतो, ते मला फार पटलं. तीन-चार मैलांवर एक घर असेल तिथे नळ टाकणं परवडत नाही हे खरंच आहे, आणि त्याला तोडगा आहे हेही खरं. युटामधल्या नवाहोंचा हक्क 2020 च्या कायद्यानं मान्य झाला. ॲरिझोनासाठीचा मोठा करार 2024 मध्ये नवाहो, हॉपी आणि सॅन वान सदर्न पायूट या तिन्ही जमातींच्या परिषदांनी मंजूर केला. खर्च पाच अब्ज डॉलर. पण काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकी संसदेनं, कायदा केल्याशिवाय यातला एक डॉलरही सुटत नाही.

म्हणून दोन विनंत्या. आपल्याकडून जे सहलीला जातात त्यांनी प्यायचं पाणी फ्लॅगस्टाफ किंवा पेजलाच भरून घ्यावं, आतल्या वस्तीच्या टाकीवर कॅन धरू नयेत, आणि कोरडा वॉश दिसला म्हणून फोटोसाठी त्यात उतरू नये. दुसरी विनंती फिनिक्स परिसरातल्या मराठी वाचकांना, कारण आपलं वृत्तपत्र इथे मोबाइलवर घरोघर वाचलं जातं. तुमच्यातले बरेच जण आता इथले मतदार आहात. तुमच्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीला आणि ॲरिझोनाच्या दोन्ही सिनेटरांना या कराराच्या कायद्याला पाठिंबा द्या म्हणून पत्र लिहा, आणि त्यात तुम्ही कोलोरॅडोचं पाणी पिता हे जरूर लिहा. मुलीनं आणि जावयानं आपली पत्रं धाडली आहेत. मला इथे मत नाही, म्हणून मी आपल्याला लिहितो आहे.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त भूवैज्ञानिक, सांगली
(सध्या मुक्काम चँडलर, ॲरिझोना)